चेहरा चौकटीत ठेवा

नियम सहा, पोटकलम अ :
उमेदवाराचा चेहरा पूर्ण वेळ चौकटीत असावा.
मागे दुसरी व्यक्ती दिसता कामा नये.
माझ्या मागे झेरॉक्सचं मशीन,
मशीनमागे भिंत, भिंतीवर दरपत्रक,
आणि मध्येच वाकून विचारणारा एक पोट्टा,
"ताई, आधारच्या दोन्ही बाजू एकाच पानावर होते का?"
होते बाबा, सगळं होते एका पानावर.
म्यूट करायचं राहिलं होतं.
चाळीस चौकटींनी ऐकलं.

पंधरा वर्षं या मेडिकल चौकात
मी दुसऱ्यांचे प्रबंध बांधले.
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती, उद्या सकाळी.
एकदा एकाचं चौथं प्रकरण दुसऱ्याच्यात गेलं
आणि दोघंही डॉक्टर झाले.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी माझं नाव घातलं.
कुंदा हेडाऊ. विषय : तांडापेठेतल्या हातमागाचे शब्द.
तेव्हापासून दर सहा महिन्यांनी
मी अजून मीच आहे, असं कळवते.
शुल्क, पावती, प्रगती अहवाल, ओटीपी.
तारीख चुकली तर विलंब शुल्क,
तेही चुकलं तर नोंदणी आपोआप रद्द.
आपोआप, म्हणजे भांडायला समोर कुणी नाही.

दोन दिवस साइट उघडेना
म्हणून बारापात्रेसाहेबांकडे गेले.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"तुमी ऑनलाइनवाल्या ना? मंग इथी काहून आल्या?"
म्हटलं, तिथी कोणीच नाही.
कूलरचे शिंतोडे त्यांच्या टेबलावर उडत होते.
अर्ज ओला झाला, शिक्का पसरला,
पण लागला.

मे महिना, दुपारी दोनचा वर्ग.
नेट गेलं ते माझा चेहरा अडकवून.
पडद्यावर मी थिजले, तोंड अर्धं उघडं,
जणू आता काही विचारणार.
इकडे मी दोन बादल्या आणून कूलर भरला,
पान तिरपं आलं म्हणून एका मुलीचे पैसे परत केले,
अंगठ्याला लागलेली शाई धुतली.
ती थिजलेली बाई तेवढा वेळ वर्गात बसून राहिली.
तिची हजेरी लागली.

आणि बुधवारी, अकरा तारखेला, मी गैरहजर.
त्या दिवशी तुळसाबाई पौनीकरांच्या घरी होते,
फोन त्यांच्या तोंडाशी धरून.
माग विकून वीस वर्षं झाली,
खड्डा बुजवून फरशी घातली, फरशीवर फ्रिज.
धोटा, कांडी, फणी, पाजणी : हे शब्द माझ्याकडे होतेच.
मी विचारलं, ताण्याचा धागा तुटला
आणि टोक सापडलं नाही, तर त्याला काय म्हणत होते?
त्या बोलल्या नाहीत.
त्यांचे पाय हलायला लागले, फ्रिजच्या पुढ्यात,
एक खाली, एक वर, एक खाली,
मग हात उचलला, दोन बोटांनी हवेत काही शोधलं,
पीळ दिला, सोडलं.
"नाव काय असते वं त्याले? हात जाते तिथी."

रेकॉर्डिंगमध्ये यातलं काही नाही.
सव्वा मिनिट फ्रिजची घरघर आहे.

माझी टक्केवारी चौऱ्याहत्तर पॉइंट सहा.
पंच्याहत्तर लागते.
कारण लिहायला पन्नास अक्षरं; लिहिलं, क्षेत्रकार्य.
उत्तर आलं : जागेचा फोटो जोडा,
उमेदवाराचा चेहरा चौकटीत हवा.
माझ्याकडे फोटो एकच,
आणि त्यात तुळसाबाईंचे पाय.
तोच जोडला.
स्थिती : विचाराधीन. चौदा दिवस झाले.

काउंटरवर एक जण उभा आहे, घामाघूम,
पाच प्रती, उद्या सकाळी.
पानं मोजते. एकशे ब्याण्णव दोनदा आहे.
सांगू का त्याला?